उंची देवाची, घडण प्रशिक्षकाची

आपल्या या कार्यक्रमात आपण बचतगट, बियाणं, अंगावरून पांढरं जाणं, मुलींचं शिक्षण अशा विषयांवर नेहमी बोलतो. आजचा विषय ऐकून काहीजणी हसतील. आज बोलायचंय बास्केटबॉलवर, तेही परदेशातल्या. "आमच्या पोरींना शाळेला जायला एसटी वेळेवर मिळेना आणि ताई कुठं अमेरिकेत निघाल्या," असं कुणी म्हणेलच.

पण त्याला कारण आहे. गटाच्या बैठकीत मुलांच्या खेळाचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. पहिलं, "खेळ अंगातच असावा लागतो." आणि दुसरं, "खेळून काय पोट भरतंय का?" या दोन वाक्यांपाशी आपलं बोलणं संपतं आणि पोरीचं मैदानही संपतं. ही दोन्ही वाक्यं किती खरी आहेत, ते आज एका मुलाच्या गोष्टीतून तपासून बघू. गोष्ट खरी आहे, आणि तिच्यात मुलाइतकंच महत्त्व त्याला शिकवणाऱ्या माणसांना आहे.

आधी खेळ समजून घेऊ. बास्केटबॉल १८९१ साली अमेरिकेत जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकांनी सुरू केला. थंडीत पोरांना बाहेर खेळता येईना, म्हणून त्यांनी फळं ठेवायच्या दोन टोपल्या उंचावर ठोकल्या आणि पोरांना त्यांत चेंडू टाकायला लावला. बास्केट म्हणजे टोपली, म्हणून नाव बास्केटबॉल. आता टोपलीच्या जागी लोखंडी रिंग आणि खाली जाळी असते. रिंग जमिनीपासून दहा फूट उंच असते. दोन्ही बाजूंनी पाच-पाच खेळाडू. चेंडू हातात धरून पळता येत नाही, जमिनीवर आपटत न्यावा लागतो, नाहीतर दुसऱ्याला द्यावा लागतो. जवळून टाकला तर दोन गुण, आखलेल्या रेषेबाहेरून टाकला तर तीन. समोरच्यानं नियम मोडून अडवलं तर एका जागी उभं राहून मोकळेपणानं टाकायला मिळतं, त्याचा एक गुण. त्याला फ्री थ्रो म्हणतात.

अमेरिकेत या खेळाची सगळ्यात मोठी व्यावसायिक स्पर्धा आहे, एनबीए. व्यावसायिक म्हणजे खेळणं हीच नोकरी, त्याचा पगार मिळतो. तीस संघ आहेत आणि एका हंगामात प्रत्येक संघ ८२ सामने खेळतो.

आधी आईबापाचं काम, मग पोराचा खेळ

आता आपली गोष्ट. ती ग्रीस देशातल्या अथेन्स शहरात सुरू होते. नायजेरियातून आलेलं एक कुटुंब सेपोलिया नावाच्या वस्तीत राहायचं. आईचं नाव वेरोनिका, वडिलांचं चार्ल्स. कागदपत्रं नव्हती, त्यामुळे चांगली नोकरी नाही. मुलं तिथंच जन्मली, तिथल्या शाळेत शिकली, तरी त्यांना नागरिकत्व नव्हतं. आई रस्त्यावर गॉगल, घड्याळं, पिशव्या विकायची आणि मुलंही तिच्याबरोबर फिरून विकायची. घरभाडं थकायचं. आपल्या आठवडी बाजारात आईच्या मागं ओझं घेऊन फिरणारी लेकरं आठवा, म्हणजे चित्र डोळ्यांपुढं येईल.

त्यातल्या एका मुलाचं नाव यानिस. जन्म डिसेंबर १९९४ चा. आडनाव आंतेतोकुंबो, म्हणायला अवघड आहे, आपण यानिसच म्हणू. त्याला आवड होती फुटबॉलची. बास्केटबॉलचा चेंडू त्यानं तोवर धड हातातही घेतला नव्हता. २००७ मध्ये स्पिरोस वेलिनिआतिस नावाच्या प्रशिक्षकानं त्याला भावांबरोबर खेळताना, पळताना पाहिलं. लांब हात, लांब पाय आणि पळण्यातली चपळाई त्या माणसाच्या नजरेत भरली.

इथं नीट ऐका. प्रशिक्षकानं नजर ठेवून पोरगं हेरलं, हे तर झालंच. पण पोरगं मैदानावर का येणार? दुपारभर माल विकला नाही तर संध्याकाळी चूल पेटायची अडचण. हे वेलिनिआतिसनं ओळखलं आणि आईवडिलांसाठी काम बघतो, मग मुलांना सरावाला पाठवा, असं बोलणं केलं. मुलांना फिलाथलितिकोस नावाच्या साध्याशा क्लबात नेलं. घरची अडचण दूर केल्याशिवाय पोराचं मन खेळात लागणार नाही, हे त्याला कळलं होतं. "खेळून पोट भरतंय का" हा आपला प्रश्न त्या आईबापालाही पडलाच होता. प्रशिक्षकानं तो प्रश्न उडवून लावला नाही, त्याला आधी हात घातला.

यानिस आणि त्याचा थोरला भाऊ थानासिस यांच्यात बुटांचा एकच जोड असायचा. एकाचा खेळ झाला की दुसऱ्यानं तेच बूट घालायचे. क्लबाचे प्रशिक्षक ताकिस झिवास यांनी या उंच होत चाललेल्या पोराबाबत एक शहाणपणाची गोष्ट केली. बहुतेक ठिकाणी उंच मुलाला रिंगेखाली उभं करतात. तू उंच आहेस, इथं थांब, आलेला चेंडू पकड, वर टाक. झिवासनी यानिसला एका जागी बांधून ठेवलं नाही. चेंडू आपटत पुढं नेणं, दुसऱ्याला देणं, अडवणं, सगळं करू दिलं. याचा उपयोग पुढं काय झाला ते सांगते.

परक्या गावातलं पहिलं वर्ष

एनबीएत दरवर्षी नव्या खेळाडूंची निवड होते, तिला ड्राफ्ट म्हणतात. २०१३ च्या ड्राफ्टमध्ये पंधराव्या क्रमांकावर मिलवॉकी बक्स या संघानं यानिसला घेतलं. वय अठरा. ग्रीसचं नागरिकत्वही त्याला त्याच वर्षी मिळालं होतं. मिलवॉकी हे अमेरिकेतलं कडाक्याच्या थंडीचं शहर. भाषा अर्धवट येते, घरचं कुणी जवळ नाही.

त्या दिवसांतली एक गोष्ट प्रसिद्ध आहे. एका सामन्याच्या दिवशी त्यानं खिशातले सगळे पैसे घरी पाठवून दिले आणि मग लक्षात आलं की मैदानापर्यंत जायला टॅक्सीचे पैसेच उरले नाहीत. थंडीत तो पळत निघाला. वाटेत एका जोडप्यानं ओळखलं आणि गाडीतून सोडलं. आपल्याकडं पुण्या-मुंबईला पहिल्या नोकरीला गेलेलं पोरगं पहिला पगार असाच घरी पाठवतं. कोवळ्या वयात व्यावसायिक झालेल्या खेळाडूला सांभाळताना प्रशिक्षकाला हेही बघावं लागतं की पोरगं जेवतंय का, झोपतंय का, त्याला घरची आठवण छळतेय का. पुढं त्याचे आईवडील आणि धाकटे भाऊ मिलवॉकीला राहायला आले आणि त्याचा जीव स्थिर झाला.

त्या पहिल्या हंगामात बक्स संघ ८२ पैकी फक्त १५ सामने जिंकला. यानिसचे सामन्याला सरासरी सातही गुण होत नव्हते. पण प्रशिक्षक लॅरी ड्रू यांनी या काटकुळ्या पोराला बाकावर बसवून ठेवलं नाही. एनबीएचा सामना ४८ मिनिटांचा असतो, त्यातली सरासरी २४ मिनिटं तो मैदानावर होता. शिकणाऱ्याला चुका करायला जागा लागते आणि ती जागा देणं हे प्रशिक्षकाच्याच हातात असतं. पोरगी पहिली भाकरी थापते तेव्हा ती फाटतेच. आई परात ओढून घेते की आणखी एक गोळा पुढं ठेवते, यावर तिची दहावी भाकरी ठरते.

शरीर घडवणं

संघात एकच प्रशिक्षक असतो असं आपल्याला वाटतं. तिथं मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखाली बरीच माणसं असतात. कुणी नेमबाजी शिकवतं, कुणी सामन्याचं चित्रण दाखवून चुका समजावतं, कुणी शरीर घडवतं. बक्स संघात ताकद आणि व्यायामाचं काम बघणारी एक बाई होती, सुकी हॉब्सन. पुरुषांच्या संघात, साडेसहा-सात फुटी खेळाडूंकडून व्यायाम करून घेणारी बाई! यानिस आला तेव्हा त्याचं वजन नव्वद किलोच्या आसपास होतं आणि त्याची उंची अजून वाढतच होती. पुढच्या काही वर्षांत तो सहा फूट अकरा इंच झाला आणि वजन शंभरच्या बरंच वर गेलं.

वाढत्या वयात हे काम घाईनं करून चालत नाही. हाडं लांबत असतात, सांधे कच्चे असतात. जास्त ओझं उचलायला लावलं, रोज उड्याच मारायला लावल्या, तर गुडघा जातो आणि खेळच संपतो. खाणं, झोप, विश्रांती आणि बेताबेतानं वाढवलेला व्यायाम, या चारही गोष्टी सारख्याच लागतात. उपाशीपोटी पळणाऱ्या पोरीला "तुझ्यात दम नाही" म्हणणारा माणूस प्रशिक्षक नव्हे.

कान पिळणं आणि जबाबदारी देणं

२०१४ मध्ये जेसन किड बक्सचे मुख्य प्रशिक्षक झाले. ते स्वतः नामांकित खेळाडू होते आणि शिकवणं कडक होतं. चुकलं की बाहेर बसवायचे. यानिसला राग यायचा. त्यानंच पुढं सांगितलंय की एकदा असं बसवल्यावर तो मनात म्हणाला, हा माणूस कोण लागून गेला मला शिकवणारा? मग त्यानं किड यांची कारकीर्द शोधून वाचली. ऑलिंपिकचं सोनं, एनबीएचं विजेतेपद, सहकाऱ्यांना चेंडू देऊन गुण करवण्यात इतिहासातल्या पहिल्या काही खेळाडूंत नाव. वाचून झाल्यावर त्यानं तोंड मिटलं आणि ऐकायला लागला.

पण नुसत्या धाकानं खेळाडू घडत नाही. किड यांनी दुसरी गोष्ट केली ती मोठी. संघात चेंडू पुढं नेऊन खेळ कसा रचायचा हे ठरवणारा एक खेळाडू असतो, त्याला पॉइंट गार्ड म्हणतात. हे काम बहुधा बुटक्या, चपळ खेळाडूकडं असतं. २०१६ च्या फेब्रुवारीत किड यांनी हे काम जवळजवळ सात फुटी यानिसच्या हातात दिलं. लहानपणी झिवासनी चेंडू हाताळू दिला होता, तो आता कामाला आला. सहायक प्रशिक्षक शॉन स्वीनी त्याच्याबरोबर तासन् तास सराव करायचे, चित्रण बघायचे. पुढच्या हंगामात गुण, रिबाउंड म्हणजे रिंगेवरून परत आलेला चेंडू पकडणं, सहकाऱ्याला चेंडू देणं, हिसकावणं आणि अडवणं, या पाचही बाबतींत यानिस आपल्या संघात पहिला होता. २०१७ मध्ये सर्वाधिक सुधारणा करणाऱ्या खेळाडूचा मान त्याला मिळाला.

गटात नवीन मुलीच्या हाती हिशोबाची वही देताना आपलं काय होतं? चुकेल म्हणून भीती वाटते. पण वही हातात पडल्यावरच ती हिशोब शिकते. अट एकच, पहिल्या चार महिन्यांत शेजारी कुणीतरी बसलं पाहिजे. जबाबदारी देऊन निघून जाणं आणि जबाबदारी देऊन शेजारी बसणं यांत फार फरक आहे.

किड यांची कडक पद्धत संघाला फार पुढं घेऊन गेली नाही. २०१८ च्या जानेवारीत त्यांना पदावरून दूर केलं. त्यानंतर आलेले माइक बुडेनहोल्झर यांनी वेगळंच काम केलं. सरावाच्या मैदानावर, तीन गुणांच्या रेषेबाहेर, त्यांनी पाच चौकोन आखून घेतले. खेळाडूंनी या चौकोनांत पांगून उभं राहायचं. सगळे रिंगेभोवती गर्दी करत होते ती मोडली आणि यानिसला आत धावायला मोकळी वाट मिळाली. आदल्या हंगामात ४४ सामने जिंकलेला संघ त्या हंगामात ६० जिंकला. यानिस २०१९ आणि २०२० असा दोनदा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पोरगं तेच होतं. त्याच्या भोवतीची माणसं कुठं उभी करायची, एवढं बदललं.

एक छोटी दुरुस्ती

तंत्रातली दुरुस्ती कशी करतात याचं दुसरं उदाहरण सॅन अँटोनियो स्पर्स या संघातलं आहे. २०११ मध्ये त्यांच्याकडं कवाय लेनर्ड हा वीस वर्षांचा मुलगा आला. हात भलेमोठे, अडवण्यात पटाईत, पण लांबून नेम लागत नव्हता. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी तीन गुणांच्या शंभर प्रयत्नांत त्याचे तीसही पडत नव्हते. नेमबाजीचे प्रशिक्षक चिप एंगेलंड यांनी बघितलं की तो चेंडू डोक्याच्या फार वरून सोडतो. त्यांनी हात जरा खाली, चेहऱ्यासमोर आणला. बाकीचं होतं तसंच ठेवलं. त्या उन्हाळ्यात मालक आणि खेळाडूंच्या वादामुळं टाळेबंदी होती, प्रशिक्षकांना खेळाडूशी बोलायचीही बंदी होती. कवायनं सांगितलेला सराव एकट्यानं केला. पहिल्याच हंगामात त्याचे शंभरातले ३७-३८ पडू लागले. २०१४ मध्ये स्पर्स विजेते झाले आणि अंतिम फेरीतला सर्वोत्तम खेळाडू होता बावीस वर्षांचा कवाय.

शिवणक्लासातल्या चांगल्या बाई काय करतात? पोरीचा ब्लाउज बिघडला तर सगळा उसवायला लावत नाहीत. बाहीची गोलाई कुठं चुकली तेवढंच दाखवतात. दहा चुका एकदम सांगितल्या की शिकणारीचा हात थरथरतो.

आणि सरावाचं फळ कधी दिसेल ते सांगता येत नाही. यानिसची दुखरी बाजू म्हणजे फ्री थ्रो. २०२१ च्या बाद फेरीत त्याचे शंभरातले साठही पडत नव्हते. तो चेंडू टाकायला वेळ घ्यायचा, म्हणून समोरच्या संघाचे प्रेक्षक मोठ्यानं एक, दोन, तीन मोजत त्याची खिल्ली उडवायचे. त्यानं सराव सोडला नाही, प्रशिक्षकांनीही त्याला बाजूला केलं नाही. २० जुलै २०२१ ला फिनिक्स संघाविरुद्धच्या निर्णायक सामन्यात त्यानं १९ पैकी १७ फ्री थ्रो टाकले, एकट्यानं ५० गुण केले आणि बक्स पन्नास वर्षांनी विजेते झाले.

मग आपली दोन वाक्यं

पहिलं वाक्य, "अंगातच असावं लागतं." उंची अंगातली खरी. पण सेपोलियाच्या रस्त्यावर ती उंची गॉगलच विकत होती. तिला हेरणारा, वेळ देणारा, शरीर सांभाळणारा, चुका सुधारणारा आणि जबाबदारी देणारा अशी माणसं एकामागून एक भेटली, तेव्हा खेळाडू झाला.

दुसरं वाक्य, "पोट भरतंय का?" याचं खरं उत्तर द्यायला हवं. एनबीएत तीस संघ, एका संघात साधारण पंधरा खेळाडू. सगळ्या जगातून साडेचारशे जागा. आपल्याच देशातलं उदाहरण घ्या. पंजाबच्या बल्लो के गावातला शेतकऱ्याचा मुलगा सतनाम सिंग, उंची सात फूट दोन इंच. लुधियानाच्या अकादमीत शिकला, २०१० मध्ये चौदाव्या वर्षी शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेला, २०१५ मध्ये डॅलस संघानं त्याला निवडलं. भारतात जन्मलेला ड्राफ्टमधला तो पहिला खेळाडू. तरीही एनबीएच्या मुख्य सामन्यात त्याला उतरता आलं नाही. उंची होती, शिकवणारे होते, तरी दार पूर्ण उघडलं नाही. म्हणून कुणी प्रशिक्षक "तुमच्या मुलीला मोठी खेळाडू करून दाखवतो, पैसे भरा" म्हणाला, तर सावध राहा. चांगला प्रशिक्षक खेळ शिकवण्याचा शब्द देतो, नशिबाचा देत नाही.

पण खेळाचा हिशोब पगाराशीच थांबत नाही. आपल्या मुली मैदान सोडतात ते सातवी-आठवीच्या सुमाराला. पाळी सुरू होते, शाळेत बदलायला जागा नसते, सराव संपेपर्यंत अंधार पडतो, घरी पाणी भरायचं असतं. त्या वयात यानिसला पहिला प्रशिक्षक भेटला. आपल्या मुलीचं मैदान त्याच वयात सुटतं.

म्हणून गटानं एक काम करावं. शाळेत किंवा तालुक्याला कबड्डी, खो-खो, बास्केटबॉल जे काही शिकवलं जातं, तिथं चारजणींनी मिळून जावं आणि शिकवणाऱ्या सरांना किंवा मॅडमना विचारावं. सराव किती वाजता संपतो आणि मुली घरी कशा जातात? दुखलं-खुपलं तर विश्रांती देता का? नव्या मुलींना सामन्यात उतरवता की त्याच त्या पाच-सात जणी खेळतात? चुकल्यावर काय करता? सरावाला एखादी आई येऊन बसली तर चालेल का? शिवीगाळ, मारहाण किंवा नको तिथं हात लावणं याला शिस्त म्हणत नाहीत. त्याची तक्रार मुख्याध्यापकांकडं, पोलिसांकडं किंवा १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकावर करता येते. आणि जे सर, ज्या मॅडम मन लावून शिकवतात, त्यांना गटाच्या बैठकीला बोलवा, चहा पाजा, मुलींसाठी काय लागतं ते त्यांनाच विचारा. कधी एक चेंडू लागतो, कधी मूठभर शेंगदाणे आणि गूळ लागतो, कधी संध्याकाळी मुलींना घरापर्यंत सोडायला दोन बायका लागतात. यातलं काही आपल्या ताकदीबाहेरचं नाही.

येत्या बैठकीत हा विषय वहीत लिहून घ्या आणि कुणी कुठल्या दिवशी जायचं ते ठरवा. काय उत्तरं मिळाली ती मला पुढच्या महिन्यात कळवा, आपण ती या कार्यक्रमात सगळ्यांना सांगू.